७.८ टक्के: चार वर्षांचा हिशेब आणि एक शुक्रवार

५ ऑक्टोबर २०१२, शुक्रवार. वॉशिंग्टनमध्ये कामगार खात्याच्या इमारतीत सकाळी आठच्या सुमारास पत्रकारांना एका खोलीत घेतलं आणि दार लावलं. मोबाइल बाहेर, जगाशी संपर्क बंद. हातात सप्टेंबर महिन्याचा रोजगार अहवाल. वाचायचा, बातमी लिहून तयार ठेवायची, पण साडेआठ वाजेपर्यंत एक अक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही. साडेआठला बातमी सुटली: बेरोजगारीचा दर ८.१ वरून ७.८ टक्क्यांवर आला. अध्यक्षपदाची निवडणूक ३२ दिवसांवर होती.

पाचच मिनिटांत जॅक वेल्च यांचं ट्विट आलं. मथितार्थ असा: हे आकडे विश्वास बसण्यासारखे नाहीत, शिकागोची ही मंडळी (म्हणजे ओबामांची माणसं) काहीही करतील, वादविवादात टिकता आलं नाही म्हणून आता आकडे बदलले. दोनच दिवस आधी डेन्व्हरमध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष बराक ओबामा आणि रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांची पहिली जाहीर चर्चा झाली होती आणि ओबामा त्यात सपशेल फिके पडले होते. टोमणा तिथला होता.

वेल्च म्हणजे गल्लीतला कार्यकर्ता नव्हे. जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी त्यांनी वीस वर्षं चालवली होती, ताळेबंद वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. म्हणून ते वाक्य वाऱ्यावर गेलं नाही. फ्लोरिडाचे रिपब्लिकन खासदार ॲलन वेस्ट यांनीही तोच सूर लावला आणि सगळ्या वाहिन्यांवर चर्चा सुरू झाली. कामगार मंत्री हिल्डा सोलिस यांना टीव्हीवर येऊन सांगावं लागलं की हा आमच्या खात्यातल्या व्यावसायिक लोकांचा अपमान आहे.

संख्याशास्त्र शिकवताना हे प्रकरण मी दरवर्षी वर्गात घेतो. पहिल्या तासाला नावं झाकतो. ओबामा नाही, अमेरिका नाही, पक्ष नाही. फक्त महिने आणि त्या त्या महिन्यात वाढलेल्या किंवा गेलेल्या नोकऱ्या. मग विचारतो, या माणसाच्या कारकिर्दीचा हिशेब कुठल्या महिन्यापासून धराल? पाच मिनिटांत वर्गात दोन तट पडतात. आपण कुठल्या पक्षाची बाजू घेतोय हे त्यांतल्या एकालाही माहीत नसतं, तरी आवाज चढतात.

कुठून मोजायचं

ओबामांनी २० जानेवारी २००९ ला शपथ घेतली त्या महिन्यात बेरोजगारीचा दर ७.८ टक्के होता. ऑक्टोबर २००९ मध्ये तो १० टक्क्यांवर गेला आणि तिथून हळूहळू उतरला. म्हणजे सप्टेंबर २०१२ मध्ये गाडी चालत चालत मूळ स्टेशनावर परत आली होती. डेमोक्रॅट म्हणत होते, बघा, १० वरून ७.८. रिपब्लिकन म्हणत होते, बघा, चार वर्षं घालवून जिथे होतो तिथेच. आकडे दोघांचेही खरे.

नोकऱ्यांच्या संख्येत हा पेच आणखी घट्ट आहे. २००९ चे सुरुवातीचे महिने भयंकर होते, महिन्याला सात-आठ लाख नोकऱ्या जात होत्या. शपथ घेऊन चारच दिवस झालेल्या अध्यक्षाच्या खात्यावर त्या टाकायच्या का? रिपब्लिकन पक्ष जानेवारी २००९ पासून मोजत होता, त्यामुळे बेरीज उणे यायची. डेमोक्रॅटांनी मोजणी २०१० च्या सुरुवातीपासून धरली, जिथून खाजगी क्षेत्रात नोकऱ्या वाढायला लागल्या. ५ सप्टेंबर २०१२ ला शार्लटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ४५ लाख नोकऱ्यांचा आकडा सांगितला तो याच मोजणीतला, आणि फक्त खाजगी क्षेत्राचा. सरकारी नोकऱ्या त्याच काळात कमी होत होत्या. शाळांमधल्या शिक्षकांना घरी बसवलं जात होतं. त्या धरल्या असत्या तर आकडा उतरला असता. त्याच भाषणात क्लिंटन म्हणाले की मी काय, माझ्या आधीचा कुठलाही अध्यक्ष काय, एवढी पडझड चार वर्षांत कुणालाच दुरुस्त करता आली नसती. प्रचाराच्या दृष्टीने ते वाक्य सोन्याचं होतं. पण ते तपासायचं कसं? जे घडलंच नाही त्याचा आकडा कुठल्याच खात्याकडे नसतो.

अहवालाच्या आठ दिवस आधी, २७ सप्टेंबरला, आणखी एक गोष्ट घडली. मासिक अहवाल नमुन्यावर काढतात. वर्षातून एकदा तो बेरोजगारी विम्याच्या नोंदींशी ताडून पाहतात, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक नोकरी नोंदलेली असते. त्या पडताळणीचा प्राथमिक निकाल आला: मार्च २०१२ पर्यंतच्या नोकऱ्या ३ लाख ८६ हजारांनी कमी मोजल्या गेल्या होत्या. तोपर्यंत ओबामांच्या कारकिर्दीची निव्वळ बेरीज २ लाख ६१ हजार नोकऱ्यांची घट दाखवत होती. दुरुस्ती धरली की तीच बेरीज १ लाख २५ हजारांची वाढ झाली. ‘हूवरनंतर (म्हणजे महामंदीच्या काळातल्या अध्यक्षानंतर) नोकऱ्या घटवून गेलेला पहिला अध्यक्ष’ हा रिपब्लिकन प्रचारातला आवडता वार एका पत्रकाने बोथट केला. अशा पार्श्वभूमीवर आठ दिवसांनी ७.८ आला. संशय घ्यायला जागा शोधणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवं? ते मला समजतं. संशय येणं आणि आरोप करणं यांत मात्र मोठं अंतर आहे.

मोजणीचा महिना पक्षाप्रमाणे बदलतो हे पाहायचं असेल तर २८ वर्षं मागे जावं लागतं. रॉनल्ड रेगन जानेवारी १९८१ मध्ये आले तेव्हा दर ७.५ टक्के होता. १९८२ च्या अखेरीस तो १०.८ वर चढला आणि नोव्हेंबर १९८४ च्या निवडणुकीवेळी ७.२ वर आला. आकृती जवळपास तीच: वर गेला, उतरला, मूळ जागेच्या जवळ आला. तेव्हा रिपब्लिकन १९८२ च्या खड्ड्यापासून मोजत होते आणि डेमोक्रॅट पहिल्या दिवसापासून. रेगन ४९ राज्यं जिंकले.

पण ही तुलना इथे थांबवली तर रॉम्नींवर अन्याय होईल. १९८४ मध्ये अमेरिकी अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होती, २०१२ मध्ये दोन टक्क्यांच्या आसपास. रिपब्लिकनांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच होता: दर उतरतोय खरा, पण या कूर्मगतीने उतरायला नको होता. रॉम्नी सभांमधून २ कोटी ३० लाखांचा आकडा सांगत. त्यात बेरोजगार होते, पूर्ण वेळाची नोकरी न मिळाल्याने अर्ध्या वेळेवर काम करणारे होते आणि कंटाळून शोध सोडून दिलेलेही होते. हा आकडा खोटा नव्हता. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होता, आणि तो प्रश्नही रास्त होता.

आठ टक्क्यांचं आश्वासन

ओबामांवरचा सर्वांत चिवट आरोप असा: ‘बेरोजगारी ८ टक्क्यांवर जाऊ देणार नाही असं वचन देऊन तुम्ही अर्थव्यवस्थेला उभारी देण्याच्या मदत योजनेवर ७८,७०० कोटी डॉलर उधळले.’ या आरोपाचं मूळ १० जानेवारी २००९ च्या एका अहवालात आहे. शपथविधीपूर्वी क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टाईन या ओबामांच्या गोटातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी तो लिहिला. त्यात एक आलेख होता. मदत योजना नसेल तर दर ९ टक्क्यांच्या आसपास जाईल, योजना असेल तर ८ च्या थोडा खाली राहील. अंदाजात अनिश्चितता असल्याची तळटीपही होती. पण तळटीप कधी प्रचारसभेत पोहोचत नाही. आलेख पोहोचला.

तो अंदाज का चुकला हे समजून घेण्यासारखं आहे. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के दराने आक्रसली असा पहिला सरकारी अंदाज होता. पुढे माहिती येत गेली आणि २०११ च्या दुरुस्तीत तो ८.९ टक्के झाला. रोग्याला ताप १०० आहे असं समजून औषध लिहिलं आणि ताप निघाला १०४. दर तर योजनेवर सही झाली त्या फेब्रुवारी २००९ मध्येच ८ च्या वर गेला होता, पहिला डॉलर खर्च होण्याआधी. तिथून सलग ४३ महिने तो ८ च्या वर राहिला.

माझ्या मते या मुद्द्यावर दोन्ही बाजू घसरल्या. रिपब्लिकनांनी अंदाजाला ‘वचन’ म्हटलं, हे खरं नव्हतं. पण ओबामांच्या लोकांनीही तो आलेख योजना मंजूर करून घेण्यासाठी ढालीसारखा वापरला होता. मग तो उलटला तेव्हा ‘तो तर नुसता अंदाज होता’ म्हणून हात झटकायला ते मोकळे नव्हते. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामा स्वतः एका मुलाखतीत म्हणाले होते की तीन वर्षांत हे मार्गी लावलं नाही तर मला एकच कार्यकाळ मिळेल. अर्थसंकल्पातली तूट निम्म्यावर आणण्याचं आश्वासनही त्यांचं होतं आणि ते पुरं झालं नाही. तिथे आलेखाची किंवा तळटिपेची भानगड नव्हती.

आणखी एक ‘नियम’ त्या वर्षी वर्तमानपत्रांत रोज छापून यायचा: रूझवेल्टनंतर ७.२ टक्क्यांपेक्षा जास्त बेरोजगारी असताना एकही अध्यक्ष पुन्हा निवडून आलेला नाही. ऐकायला लोखंडी नियम. मोजून पाहा. १९४८ ते २००४ मध्ये पदावर असलेला अध्यक्ष दहा वेळा निवडणुकीला उभा राहिला. त्यांतल्या तिघांच्याच वेळी दर ७.२ च्या वर होता: फोर्ड, कार्टर आणि थोरले बुश. तिघेही हरले. तीन उदाहरणांचा हा नियम, आणि त्यावर हजारो मथळे. ७.८ मुळे दर ८ च्या पायरीखाली गेला, ७.२ च्या नाही. तरी त्या शुक्रवारी ८ हाच आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला होता.

७.८ आला कसा

इथे मात्र मला थोडं खोलात जाऊ द्या, कारण सगळा घोळ इथे आहे.

महिन्याचा रोजगार अहवाल म्हणजे दोन वेगवेगळी सर्वेक्षणं एका पानावर छापलेली. एक आस्थापनांचं: कंपन्या आणि सरकारी कार्यालयं यांना विचारतात, तुमच्या पगारपत्रकावर किती माणसं आहेत? सप्टेंबर २०१२ मध्ये या सर्वेक्षणाने १ लाख १४ हजार नोकऱ्या वाढल्याचं सांगितलं. साधारण आकडा, कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत असा. दुसरं घरांचं: सुमारे ६० हजार कुटुंबांना विचारतात, तुमच्या घरात कोण काम करतंय? बेरोजगारीचा दर याच दुसऱ्या सर्वेक्षणातून निघतो. आणि त्याने सांगितलं की काम करणारे ८ लाख ७३ हजारांनी वाढले.

एकाच महिन्यात १ लाख १४ हजार आणि ८ लाख ७३ हजार! वेल्च यांचा पुढचा सगळा युक्तिवाद या दरीवर उभा होता. दोन टक्क्यांनी वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेत एका महिन्यात पावणेनऊ लाख लोकांना काम कुठून मिळालं? प्रश्न म्हणून हा अगदी चोख आहे. विद्यार्थ्याने विचारला तर मी त्याला शाबासकी देईन.

उत्तर सर्वेक्षणाच्या आतच आहे. ६० हजार कुटुंबं ऐकायला पुष्कळ वाटतात, पण तेवढ्यावरून चौदा कोटी नोकरदारांचा महिन्याचा चढउतार काढायचा तर अंदाजातल्या चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना चार लाखांच्या वर जाते. म्हणून हा आकडा उड्या मारतो. जुलैत याच सर्वेक्षणाने १ लाख ९५ हजारांची घट दाखवली होती, ऑगस्टमध्ये १ लाख १९ हजारांची. तेव्हा कुणी म्हटलं नाही की रॉम्नींच्या माणसांनी आकडे फिरवले. तीन महिने एकत्र धरा: घरांच्या सर्वेक्षणाची सरासरी महिन्याला सुमारे १ लाख ८६ हजार, आस्थापनांच्या सर्वेक्षणाची सुमारे १ लाख ४६ हजार. दरी नाहीशी होते. फळ्यावर ही बेरीज करून दाखवली की वर्ग शांत होतो. पण ज्याला सप्टेंबरच हवा आहे त्याला जुलै-ऑगस्ट दाखवून उपयोग नसतो.

आता ती प्रश्नावली जवळून पाहू. सेन्सस ब्युरोचा (जनगणना खात्याचा) मुलाखतकार, लॅपटॉप घेऊन दारात किंवा फोनवर. तो ‘तुम्ही बेरोजगार आहात का?’ असं विचारतच नाही. तो विचारतो, गेल्या आठवड्यात पैशासाठी काही काम केलंत का? नसेल तर, गेल्या चार आठवड्यांत काम मिळवण्यासाठी काय केलंत? समजा ओहायोत कारखान्यातून काढून टाकलेला एक गृहस्थ आहे. त्याने शेजाऱ्याच्या अंगणातलं गवत दोन तास कापून पैसे घेतले असतील तर तो ‘काम करणारा’. काहीच केलं नाही पण तीन ठिकाणी अर्ज टाकले, तर ‘बेरोजगार’. आणि अर्ज टाकून टाकून थकला, गेले पाच आठवडे कुठेच गेला नाही, तर तो बेरोजगारही नाही. तो मोजणीतूनच बाहेर. त्याच्या घरातलं दुःख तेच, रकाना वेगळा.

म्हणून दर दोन वाटांनी उतरतो. ऑगस्ट २०१२ मध्ये तो ८.३ वरून ८.१ झाला तो वाईट वाटेने: ३ लाख ६८ हजार लोक मोजणीबाहेर गेले. त्या वेळी रिपब्लिकनांनी हे बरोबर दाखवून दिलं आणि डेमोक्रॅट गप्प बसले. सप्टेंबरमध्ये उलट झालं. काम करणारे किंवा शोधणारे लोक ४ लाख १८ हजारांनी वाढले आणि तरीही बेरोजगार ४ लाख ५६ हजारांनी घटून १ कोटी २१ लाखांवर आले. ही चांगली वाट. त्यालाही डाग होता: नाइलाजाने अर्धवेळ काम करणारे ८० लाखांवरून ८६ लाखांवर गेले, आणि अर्धवेळवाले, कंटाळलेले सगळे धरणारा व्यापक दर १४.७ टक्के होता तो तसूभरही हलला नाही. ज्यांना या अहवालावर टीका करायची होती त्यांच्या हातात हा खराखुरा दारूगोळा अहवालाच्याच तक्त्यात छापलेला होता. तो सोडून त्यांनी अहवाल लिहिणाऱ्यांवर गोळी झाडली. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

हात घालता आला असता का

मुलाखतकार माहिती भरतो आणि पाठवतो. देशाचा आकडा काय होणार हे त्याला कळायचा मार्ग नसतो. सेन्सस ब्युरो वाणिज्य खात्याखाली येतो. तिथून माहिती ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सकडे जाते, तो कामगार खात्याखाली. तिथे ठरावीक अर्थतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ कडेकोट बंदोबस्तात अहवाल बनवतात. अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागाराला आकडे आदल्या दिवशी संध्याकाळी मिळतात, तोवर ते पक्के झालेले असतात. प्रसिद्धीनंतर पहिला एक तास सरकारातल्या कुणीही त्यावर जाहीर बोलायचं नाही, असाही तेव्हा नियम होता. त्या ऑक्टोबरमध्ये ब्युरोच्या प्रमुखपदावर तर राजकीय नेमणूकच नव्हती; जॉन गॅल्विन हे खात्यातलेच अधिकारी हंगामी काम पाहत होते. त्यांच्या आधीचे प्रमुख कीथ हॉल यांना धाकट्या बुश यांनी नेमलं होतं. त्यांनीही स्पष्ट सांगितलं की असे आकडे फिरवता येत नाहीत.

या भिंती उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. १९७१ मध्ये रिचर्ड निक्सन यांना वाटू लागलं की ब्युरोतले ज्यू अधिकारी आपल्याविरुद्ध आकड्यांचा वाईट अर्थ सांगतात. त्यांनी ब्युरोतल्या वरिष्ठांमध्ये ज्यू किती आहेत याची मोजदाद करायला लावली. फ्रेड मालेक नावाच्या सहाय्यकाने ती करून दिली. हॅरल्ड गोल्डस्टीन या जाणत्या संख्याशास्त्रज्ञाला जागेवरून हलवलं गेलं. ब्युरोचे तज्ज्ञ दरमहा पत्रकारांना आकडे समजावून सांगत, ती प्रथाही त्याच वर्षी बंद झाली. तेव्हा विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी संसदेच्या संयुक्त आर्थिक समितीत ब्युरोच्या प्रमुखांना दर महिन्याला बोलावून उघड प्रश्न विचारायला सुरुवात केली. दार एकीकडून लावलं तर प्रॉक्समायर यांनी दुसरीकडून उघडलं. पुढचे कडक नियम आले ते याच अनुभवातून.

एवढं असूनही आरोप मेला नाही. वेल्च काही दिवसांनी म्हणाले की त्या ट्विटच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकायला हवं होतं. पण माघार त्यांनी घेतली नाही, उलट माझंच खरं होतं असा लेख लिहिला. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यू यॉर्क पोस्टमध्ये बातमी आली की फिलाडेल्फियातल्या सेन्सस कार्यालयात खोट्या मुलाखती भरल्या गेल्या. वाणिज्य खात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष दिला: वरून आदेश देऊन दर खाली आणल्याचा पुरावा नाही. बातमी पहिल्या पानावर होती. चौकशी अहवाल किती जणांनी वाचला असेल?

चार दिवस आधी

२९ ऑक्टोबरला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं. वॉशिंग्टनमधली सरकारी कार्यालयं बंद झाली आणि रोजगार अहवाल लांबणीवर पडणार अशी कुजबुज सुरू झाली. तो लांबला असता तर त्यातूनही कटाची कहाणी निघाली असती. लांबला नाही. २ नोव्हेंबरला, मतदानाच्या चार दिवस आधी, ठरल्या वेळी आला: दर ७.८ वरून ७.९. आकडे फिरवणारी टोळी असतीच तर तिने हा महिना सोडला नसता. त्याच अहवालात सप्टेंबरच्या नोकऱ्यांची दुरुस्तीही होती, १ लाख १४ हजारांचे १ लाख ४८ हजार झाले.

६ नोव्हेंबरला ओबामा ३३२ विरुद्ध २०६ निर्वाचक मतांनी (इलेक्टोरल कॉलेज) जिंकले. ७.८ मुळे जिंकले का? मला तसं वाटत नाही. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं होतं की आजच्या आर्थिक अडचणींना जास्त जबाबदार कोण. ५३ टक्के म्हणाले बुश, ३८ टक्के म्हणाले ओबामा. ‘कुठून मोजायचं’ या वादाचा निकाल मतदारांनी आपापल्या मनात कधीच लावून टाकला होता. ओहायोत तर देशाच्या दरापेक्षा वाहन उद्योगाला दिलेली मदत जास्त बोलत होती. तिची सुरुवात बुश यांनीच डिसेंबर २००८ मध्ये १,७४० कोटी डॉलर देऊन केली होती. पण ‘डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्या’ अशा मथळ्याचा रॉम्नींचा लेख लोकांच्या लक्षात राहिला होता. तो मथळा रॉम्नींनी दिलेला नव्हता, वर्तमानपत्राने दिलेला होता.

पक्ष बदलला की डोळेही बदलतात याचा एक जुना दाखला मी वर्गात शेवटी देतो. १९८० मध्ये अमेरिकेत महागाई १३ टक्क्यांच्या वर होती, १९८८ मध्ये चारच्या आसपास. रेगन यांच्या आठ वर्षांतली ही उघड घट. १९८८ च्या निवडणुकीवेळी एका मोठ्या विद्यापीठीय सर्वेक्षणात लोकांना विचारलं तेव्हा कट्टर डेमोक्रॅटांपैकी निम्म्याहून अधिक म्हणाले की महागाई वाढली. हा रोग एका पक्षाचा नाही. आणि तो अगदी असाध्यही नसावा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत अशाच प्रश्नांच्या बरोबर उत्तराला छोटंसं बक्षीस ठेवलं, तर दोन पक्षांच्या उत्तरांमधली दरी बरीच आटली. एकात तर निम्म्याहून जास्त. म्हणजे पुष्कळांना खरं काय ते ठाऊक असतं, निदान आपल्याला नक्की ठाऊक नाही हे तरी कळत असतं. फुकटच्या उत्तरात ते पक्षाचा झेंडा फडकावतात.

२०१६ मध्ये उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांनी पाच टक्क्यांच्या आसपासचा दर खोटा ठरवला आणि खरा दर ४२ टक्केही असेल असं सांगितलं. ते अध्यक्ष झाल्यावर १० मार्च २०१७ ला चांगला अहवाल आला. त्यांचे प्रवक्ते शॉन स्पायसर यांनी अध्यक्षांचं म्हणणं पत्रकारांना सांगितलं: पूर्वी हे आकडे बनावट असतीलही, पण आता अगदी खरे आहेत. खोलीत हशा पिकला. मला तो हशा ऐकवत नाही. त्याच ब्युरोत तेच लोक, तीच प्रश्नावली घेऊन, तेच काम करत होते.

१ ऑगस्ट २०२५ ला जुलैचा अहवाल आला. नोकऱ्या ७३ हजारांनी वाढल्या होत्या, आणि मे-जूनचे आधीचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली दुरुस्त झाले होते. २०१२ च्या त्या शुक्रवारीही जुलै-ऑगस्टचे आकडे ८६ हजारांनी दुरुस्त झाले होते, वरच्या बाजूला. पद्धत तीच: उशिरा आलेल्या कंपन्यांची उत्तरं मिळवायची आणि बेरीज सुधारायची. २०१२ मध्ये एका निवृत्त उद्योगपतीने ट्विट केलं होतं. २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी आकडे आपल्याविरुद्ध फिरवल्याचा आरोप करून, पुरावा न देता, ब्युरोच्या प्रमुख एरिका मॅकएंटार्फर यांना त्याच दिवशी काढून टाकलं. जानेवारी २०२४ मध्ये सिनेटने त्यांची नेमणूक ८६ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केली होती. त्या ८६ मध्ये ओहायोचे तेव्हाचे सिनेटर आणि पुढे ट्रम्प यांचे उपाध्यक्ष झालेले जे. डी. व्हान्स यांचंही मत होतं.